रिकाम्या खडकावरचा फोकस

चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर कोण आलंय हे बघायच्या आधी त्याच्या नाकावरची फ्रेम सरळ आहे की कललेली, हे तो बघतो. गल्लीतले लोक जिला चष्मेवाली म्हणायचे, तिला ही खोड इतकी होती की नवऱ्याला शेवटचं बघायला नेलं तेव्हाही तिने पहिला प्रश्न विचारला तो, "यांचा चष्मा कुठाय?" चष्मा सापडलाच नव्हता. कड्याखालच्या झाडोऱ्यात कुठेतरी गेला असणार. कॅमेरा मात्र सापडला होता, आणि सगळा घोळ त्या कॅमेऱ्यानेच घातला होता.

कारण कॅमेरा पडलाच नव्हता. वर सपाटीवर, कड्याच्या टोकापासून चांगला लांब, तो ट्रायपॉडवर उभा होता. ट्रायपॉडचे तिन्ही पाय घट्ट पिळलेले, गळ्यात घालायचा पट्टा नीट गुंडाळलेला, लेन्सचं झाकण बॅगेच्या कप्प्यात. आणि माणूस खाली. फोटो काढता काढता पाय घसरला म्हणावं, तर कॅमेरा हातात हवा, निदान गळ्यात तरी हवा. हा आपला मांडून ठेवलेला, आता याचं तुम्ही बघा असं सांगून कुणी निघून जावं तसा. फिरायला आलेल्या लोकांनी तो आधी पाहिला आणि मग खाली वाकून बघितलं.

कागदपत्रांची धावपळ सगळी धाकट्या दिराने केली. भला माणूस. दोन दिवस त्याच्या पोटात धड चहा गेला नव्हता. घरी आल्यावर त्याने चष्मेवालीला आणि तिच्या लेकीला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाला, "वहिनी, पाय घसरला. असंच सांगायचं सगळ्यांना."

बोलण्यात तसं वावगं काहीच नव्हतं. पण खरंच घसरून पडलेल्या माणसाबद्दल 'असंच सांगायचं' असं कुणी म्हणत नाही. चष्मेवालीने मान हलवली. लेकीने आईकडे बघितलं आणि ओट्यावरचा आधीच पुसलेला डाग पुन्हा पुसायला घेतला. दोघींनाही कळलं, आणि कळलंय हे दोघींनी एकमेकींना कळू दिलं नाही. त्या दिवसापासून तो प्रश्न घरात राहायलाच आला. पडला, की त्याने स्वतःच उडी घेतली? आपल्याला सोडून गेला का तो?

नवरा काही उदास चेहऱ्याचा वगैरे नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. कुठल्या रस्त्याखालून कुठली जलवाहिनी गेली आहे हे गावात फक्त त्याला आणि जलवाहिनीला ठाऊक, असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, गुडघ्याला पट्टा आवळून डोंगरावर. तिथे जाऊन काय, तर फोटो. घरातल्या बोळाच्या दोन्ही भिंती त्याच्या फोटोंनी भरलेल्या होत्या: दऱ्या, सुळके, तळी, ढग. एकाही फोटोत माणूस नाही. एखादा चुकून आलाच तर हा तो बाजूला होईपर्यंत ताटकळत बसायचा. "माणूस आला की सगळे माणसाकडेच बघतात," म्हणायचा. "मग डोंगराने काय घोडं मारलंय?"

त्यामुळे झालं असं, की भिंतीवर लावायला त्याचा स्वतःचाच फोटो घरात नव्हता. कचेरीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणावा लागला. त्यात तो कुणीतरी दरडावून विचारतंय आणि याला उत्तर सुचत नाहीये, असा दिसत होता. लेकीने तो जेमतेम आठवडाभर भिंतीवर राहू दिला. मग एके दिवशी उतरवला आणि कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवून दिला.

"ज्यांना आपल्याकडे बघायचं नव्हतं," ती म्हणाली, "त्यांच्याकडे आपण का बघत बसायचं?"

औषधांच्या दुकानात दिवसभर गोड बोलणारी ही पोरगी. बापाची भलतीच लाडकी. चष्मेवालीला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि लगेच पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही राहून गेलं.

कॅमेरा चष्मेवालीने आपल्या कपाटात, शालींच्या घडीवर ठेवला होता. त्याला कुणी हात लावायचा नाही. ती स्वतः बॅटरी चार्ज करायची आणि मागचं बटण दाबून आतले फोटो बघायची, बस्स. फोटो काढायचं वरचं बटण तिने कधीही दाबलं नाही. त्या बटणावर शेवटचं बोट त्याचं होतं, त्यावर आपलं ठेवायचं तिच्याच्याने होत नव्हतं. वरच्या खटक्याखटक्याने फिरणाऱ्या चक्राला, बाजूच्या बटणांनाही तिने धक्का लावला नाही. त्याने जसा सोडला होता तसाच तो राहायला हवा होता. हे वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं, पण शहाणपणाने वागून तरी कुणाचं काय भलं झालंय, असं ती मनाशी म्हणायची.

आतले शेवटचे फोटो सगळे एकाच देखाव्याचे होते. उजव्या अंगाला एक पसरट खडक, ओट्यासारखा. त्यापलीकडे दरी. दरीपलीकडे डोंगरांच्या फिकट रांगा. तोच देखावा पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. खडकावर कुणी नाही. उजव्या कडेला निळसर, पुसट काहीतरी आलेलं, तेही कुठे आहे, कुठे नाही. तिने ते फोटो छापून आणले तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, "पट्टा आलाय मध्ये, काकू. कापून टाकू का कडा?" ती म्हणाली, "कशालाही कात्री लावायची नाही."

मग संध्याकाळी दिवे लागले की ती हे फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून बसायची. काय शोधतेय हे तिलाही सांगता आलं नसतं. पण बघता बघता तिला असं वाटायला लागायचं की त्या खडकावरून आत्ताच, ती डोळे मिचकावत होती तेवढ्यात, कुणीतरी उठून गेलंय. बोळातून स्वयंपाकघरात जाताना ती भिंतीवरच्या डोंगरांकडे न बघता जायची. तिला वाटायचं, त्यातल्या एखाद्यात आज माणूस असेल. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलत "हे स्पष्ट की हे?" असं विचारताना एकदा तिला आपल्या मागून स्पष्ट ऐकू आलं, "दोन्ही सारखंच." आवाज त्याचा होता. तिने वळून बघितलं नाही. गिऱ्हाइकाला म्हणाली, "पुन्हा एकदा बघा हं," आणि पुढची काच उचलली.

फोटो तिच्याशी बोलत होते आणि तिला ती भाषा येत नव्हती, असं अखेर तिने ठरवलं. स्टुडिओच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता: प्रवासात आणि उघड्यावर चांगले फोटो काढायला शिका, दर रविवारी. तिने नाव घातलं. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला वाटलं, बरं झालं, बाई माणसांत येतेय. लेक मात्र चवताळली.

"तुलाही तेच वेड लागलं का? आता तूही जाऊन उभी राहणार कड्यावर?"

"मी शिकायला चाललेय. कड्यावर नाही, तळ्यावर चाललेय," चष्मेवाली म्हणाली. खोटं नव्हतं ते. पहिला वर्ग तळ्यावरच होता.

शिकवणारे सर वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले, बोटभर लांबीची दाढी आणि हातभर लांबीचा संयम असलेले. त्यांचं नाव पोरांनी थांबासर पाडलं होतं. कारण दर दुसऱ्या वाक्याला ते "थांबा" म्हणायचे. कुणी दुपारच्या उन्हात कॅमेरा वर केला की "थांबा. ऊन डोक्यावर आहे, सगळं चपटं येणार. सूर्य कलू द्या, सावल्या लांब होऊ द्या, मग डोंगराला अंग येतं." कुणी लांबून झूम केलं की "थांबा. काचेला कशाला कामाला लावता? देवाने पाय दिलेत, ते हलवा." क्षितिज तिरपं आलं की "थांबा, तळं सांडतंय!" वर्गात एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना पक्ष्यांचा नाद. पण प्रत्येक फोटोत पक्षी उडून चाललेला, फक्त शेपूट. सर म्हणायचे, "डॉक्टर, तुम्हाला बघून पेशंटही असेच पळतात का हो?" आणि डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसायचे. तिथे चष्मेवालीही हसायची. घरी आल्यावर तिला त्या हसण्याची लाज वाटायची.

ती शिकत मात्र जीव लावून होती. वर्गाकडच्या एका साध्या कॅमेऱ्यावर ती सगळं करायची. क्षितिज सरळ धरायचं. नुसता लांबचा डोंगर काढायचा नाही, पायाशी एखादा दगड, झुडूप घ्यायचं म्हणजे बघणाऱ्याला चालत आत शिरता येतं. अंधुक उजेडात ट्रायपॉड लावायचा आणि श्वास सोडून झाल्यावर बटण दाबायचं. ढग कुठे सरकतोय ते बघत बसायचं. तिचे फोटो चांगले यायला लागले. फक्त एक खोड सरांच्या लक्षात आली. एका रविवारी सगळ्यांचे फोटो बघताना ते तिच्या फोटोंपाशी थबकले.

"बाई, इथे कोण येणार आहे?"

"कुठे?"

"उजवीकडे. तळ्याच्या फोटोत उजवीकडे जागा मोकळी. झाडाच्या फोटोत मोकळी. परवाच्या पायवाटेच्या फोटोतही तेच. कुणीतरी येऊन उभं राहणार आहे म्हणून तुम्ही जागा धरून ठेवल्यासारखी वाटते."

चष्मेवालीने हे मुद्दाम केलं नव्हतं. वर्षभर रोज ते फोटो बघून तिच्या डोळ्याला तीच सवय लागली होती. ती त्या दिवशी सगळे गेल्यावर मागे थांबली आणि पिशवीतून नवऱ्याचे शेवटचे फोटो काढून सरांच्या हातात दिले. हे कुणाचे आणि कधीचे, ते एका वाक्यात सांगितलं. कॅमेरा कसा सापडला तेही सांगितलं. लोक काय म्हणतात ते सांगायची गरज पडली नाही.

सरांनी खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ एकेक फोटो बघितला. मग म्हणाले, "यात डोंगर धूसर आहेत."

"धुकं असेल."

"धुकं नाही हो. तुम्ही चष्मेवाल्या ना? नीट बघा. खडकाच्या भेगेतलं गवतसुद्धा काडी काडी दिसतंय. डोंगर फोकसच्या बाहेर सोडलेत त्यांनी. फोकस खडकावर धरलाय."

तिने भिंग घेतलं. खरंच होतं. आयुष्यभर लोकांचं धूसर कुठे आणि स्पष्ट कुठे हे सांगून पोट भरणारी ती, आणि नवऱ्याच्या फोटोतला धूसरपणा तिने वर्षभर धुकं म्हणून चालवून घेतला होता. डोंगर धूसर सोडणारा तिचा नवरा नव्हताच. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर तिने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

"मग असं का केलं असेल?" तिने विचारलं.

सरांनी रिकाम्या खडकावर बोट ठेवलं. "ही डोंगराची चौकट नाही, बाई. ही माणसाची चौकट आहे. इथे कुणीतरी उभं राहणार होतं, आणि त्या माणसासाठी त्यांनी आधीच फोकस बांधून ठेवला होता."

घरी जाताना तिला रस्ता कसा संपला ते कळलं नाही. आजवर एक भूत होतं, आता दोन झाली. कोण उभं राहणार होतं? जो माणूस फोटोत माणूस घ्यायचा नाही, तो कुणासाठी डोंगर धूसर करायला तयार झाला? त्याच्याबरोबर कुणी होतं का? कुणी बाई? आणि ते माणूस तिथे होतं, तर मग ओरडलं का नाही, खाली येऊन सांगितलं का नाही? की भांडण झालं, आणि... पुढचा विचार ती करायची आणि उठून नळ सोडून हात धूत बसायची. आता संध्याकाळी फोटो मांडले की खडकावर नुसतं रिकामपण नसायचं. तिथे एक बाई बसलेली असायची, पाठमोरी. चष्मेवाली तिच्या साडीचा रंगसुद्धा सांगू शकली असती. लाज सोडून सांगायचं तर, नवऱ्याने उडी मारली या विचारापेक्षा हा विचार तिला जास्त जाळत होता.

अखेर तिने सरांना म्हटलं, "मला तिथे जायचंय. ते जिथे उभे होते तिथे उभं राहून बघायचंय."

सरांनी नेहमीचा शब्द उच्चारला नाही. ते तयार झाले. गाडी डॉक्टरांची होती, म्हणून डॉक्टरही आले. तिघेजण ऊन कलायच्या सुमाराला वर पोचले. चष्मेवालीने लेकीला सांगितलं होतं, तळ्यावर चाललेय. या वेळी ते खोटं होतं. आणि पिशवीत त्याचा कॅमेरा होता, त्याचाच ट्रायपॉड होता.

सपाटी साधीच होती. कुठे काही पाटी नाही, खूण नाही, वारा तेवढा भणभणत होता. एवढ्या साध्या जागेचा तिला रागच आला. खडक तिला लगेच दिसला. टेबलावर रोज बघितलेला खडक प्रत्यक्ष दिसला तेव्हा तो तिला फार लहान वाटला. कड्याचं टोक त्याच्या पलीकडेच होतं.

"घाई नको," सर म्हणाले. "छापलेला फोटो हातात धरा. खडकाचं वरचं टोक मागच्या कुठल्या सुळक्याला टेकलंय ते बघा. ते जुळेपर्यंत मागेपुढे व्हा. मग डावीउजवीकडे. सगळ्यात शेवटी उंची."

ती फोटो डोळ्यांसमोर धरून मागे सरकली, पुढे आली, वाकली. टोक आणि सुळका जुळले. मातीत ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा अर्थातच नव्हत्या, पण तिला ठाऊक होतं की पाय इथेच होते. तिने ट्रायपॉड उभा केला, त्यावर कॅमेरा बसवला आणि मागच्या पडद्यात बघितलं. तोच फोटो. खडक, दरी, रिकामी जागा. इथून नवऱ्याने शेवटचं जग बघितलं होतं. तिला मागे वळायची भीती वाटली, कारण तो मागे उभा आहे याबद्दल तिला आता शंकाच उरली नव्हती.

"काढा," सर हळूच म्हणाले.

तिने बोट उचललं. वर्षभर ज्या बटणाला ती शिवली नव्हती, त्यावर ते टेकवलं. डोळे मिटले आणि दाबलं.

काहीच झालं नाही. खट्ट असा आवाज नाही, काही नाही. बिघडला, असं तिला वाटलं. मग कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक बारीक तांबडा दिवा लुकलुकायला लागला. टिक्. टिक्. टिक्.

डॉक्टर म्हणाले, "अरे, हा तर टायमरवर आहे. स्वतःचा फोटो काढायला लावतात तो."

चक्रावरची ती छोटीशी घड्याळाची खूण तिने एकदाही बघितली नव्हती. चक्राला हात लावायचा नाही असा नेमच केला होता ना तिने! कॅमेरा वर्षभर शालींवर पडून होता आणि तिला सांगायचं ते पोटात धरून होता. टिक्, टिक्. आवाज जलद व्हायला लागला. आणि काय होतंय हे कळायच्या आत चष्मेवालीचे पाय धावायला लागले. सरळ जाता येत नव्हतं, मध्ये काटेरी झुडपं होती. खडकावर पोचायचं तर उजवीकडून, चौकटीच्या कडेकडेने वळसा घालून जावं लागत होतं. तिची चप्पल भुसभुशीत खडीवरून सरकली.

"थांबा!" सर ओरडले. आजवर एवढ्या मोठ्याने ते कधीच ओरडले नव्हते. "बाई, थांबा!"

ती थांबली. मागे खट्ट वाजलं.

तिघांनी पडद्यात बघितलं. खडक रिकामाच होता. चष्मेवाली फोटोत आलीच नव्हती. फक्त उजव्या कडेला तिच्या बाहीचा एक पुसट पट्टा आला होता.

तिने पिशवीतले फोटो काढले, काढल्याच्या क्रमाने खाली गवतावर मांडले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवले आणि गुडघ्यांवर बसली. पट्टा नव्हता तो. पहिल्या फोटोत निळसर कड अगदी खाली, जवळ. पुढच्यात थोडी वर. त्याच्या पुढच्यात आणखी वर, खडकाच्या दिशेने, आणखी बारीक. दुखऱ्या गुडघ्याचा एक माणूस बटण दाबून धावत होता, पोचत नव्हता, परत येऊन पुन्हा बटण दाबत होता, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात धावत होता. शेवटच्या फोटोत कडेला काहीच नव्हतं.

"उडी नाही मारली," ती म्हणाली. मग ओरडलीच, "अहो, उडी नाही मारली यांनी! धावत होते! फोटोत यायला धावत होते!" आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता इतकी रडली की डॉक्टरांनी तिला खांद्याला धरून कड्यापासून दूर नेऊन बसवलं. खडकावरची ती पाठमोरी बाई कुठल्या कुठे गेली होती. तिथे तो स्वतःच यायचा होता.

परत येताना गाडीत ती मागच्या सीटवर शांत होती. जीव भांड्यात पडला होता. डॉक्टर काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पण ते फोटोत माणूस घ्यायचे नाहीत ना, बाई? मग एकदम स्वतःच?"

सहज विचारलं होतं. पण चष्मेवालीला त्या सकाळचं दार आठवलं. अर्धवट उघडं दार, पायात बूट चढवणारा नवरा आणि हातात पोळपाट घेतलेली ती. तिने काय म्हटलं होतं? नेहमीचंच. वर्षानुवर्षं ती तेच म्हणत आली होती, म्हणून त्या वाक्याला तिच्या आठवणीत असा वेगळा दिवसच नव्हता. "घरात तुमचा एक फोटो नाही हो. या वेळी त्या कॅमेऱ्याच्या डब्यात तुमचं थोबाड नसेल ना, तर घरी येऊ नका." तो हसला होता. दार ओढून घेतलं होतं. तिने पोळी लाटायला घेतली होती.

खिडकीबाहेर झाडं मागे पळत होती. सबंध रस्ताभर ती एवढंच घोकत होती की हे लेकीला सांगायचं नाही. अर्धंच सांगायचं. उडी नव्हती एवढं पुरे आहे की पोरीला. बाकीचं आपलं आपल्यापाशी. दिराने नाही का सांगितलं होतं, असंच सांगायचं म्हणून? तसंच आपणही सांगायचं.

लेक घरी आलेलीच होती. चष्मेवालीने फोटो टेबलावर मांडले, कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, तोंड खुर्चीकडे केलं आणि बटण दाबलं. तांबडा दिवा लुकलुकायला लागला. लेक आधी वैतागली, "हे काय आणि?" मग टिकटिक ऐकत राहिली. मग टेबलावरच्या फोटोंकडे वळली. तिला आईसारखं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने फोटोंच्या उजव्या कडेवरून एकेक करत बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

"हा बाबांचा शर्ट आहे," ती म्हणाली.

"हो."

"ते धावतायत."

"हो."

लेक खाली बसली, सरळ जमिनीवर. टेबलाच्या पायाला डोकं टेकून लहानपणी रडायची तशी रडली, तोंड वेडंवाकडं करून. "मला वाटलं आपण त्यांना नको होतो," ती म्हणाली. "मी वर्षभर त्यांना शिव्या घातल्या, आई. रोज." चष्मेवाली तिच्याशेजारी बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग लेक उठली, कपाटामागे हात घालून तो ओळखपत्रावरचा फोटो बाहेर काढला, ओढणीने त्याची काच पुसली. त्या बावळट चेहऱ्याकडे बघून तिला चक्क हसू आलं. घरात वर्षभराने कुणी असं हसलं होतं.

तिने फोटो भिंतीवर टांगला, दोन पावलं मागे सरकून सरळ आहे का बघितलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "पण मला एक कळत नाही. बाबांना स्वतःच्या फोटोची कधीच हौस नव्हती. त्याच दिवशी का?"

चष्मेवालीच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. वाटलं असेल त्यांना, एवढंच म्हणायचं होतं. पोरीने मानलं असतं. दोघी जेवल्या असत्या, झोपल्या असत्या, आणि भिंतीवरचं ते तोंड उद्यापासून फक्त तिच्याकडेच बघत राहिलं असतं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "निघताना. तुमचा फोटो नसेल तर घरी येऊ नका म्हटलं होतं."

लेक वळली. मग हळूच म्हणाली, "आई, ते तर तू दर वेळी म्हणायचीस."

"हो," चष्मेवाली म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी ऐकलं."